सर्वरनं काय सांगायचं

४ सप्टेंबर २००६

दमयंतीबाईंचं तोंड एकदा बर्फाच्या लादीखाली दाबून ठेवायला हवं. सकाळी मी खुर्चीला टेकलोही नव्हतो, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आला बघा आमचा टपालमास्तर! टपाल सोडून सगळं येतं याच्याकडे." पॅकिंगच्या बायका फिदीफिदी हसल्या. बाईंना मिरकरवाडा बंदरातल्या या ऑफिसात चौदा वर्षं झाली, मला तीन. म्हणून काय रोज पाणउतारा करायचा?

आमचे कमाल शेठ जेटीवरून म्हाकूल, म्हणजे स्क्विड, घेतात, गोठवतात आणि स्पेनला पाठवतात. बाई एक्सपोर्टचे कागद आणि पत्रं बघतात. कॉम्प्युटर माझ्याकडे. मेल सर्वर मी स्वतः जुन्या मशीनवर उभा केलाय, कोणा मुंबईवाल्याला एक पैसा न देता. पण हे कोण बोलणार? गेल्या महिन्यात माझ्या गावच्या बाबूच्या केबल ऑफिसची इंटरनेट लाइन घेतली आणि तेव्हापासून बाहेरची पत्रं अडकायला लागलीत. स्पेनचं परवाचं पत्र आज मिळालं.

कुठं अडतंय ते मला सापडलंय. बाहेरचा सर्वर आमच्याकडे येतो, नमस्कार करतो. मग आमचा सर्वर त्याला आपल्याला काय काय येतं ते वाचून दाखवतो. एवढं मोठं पत्र घेतो, एकापाठोपाठ एक सूचना घेतो, आणि बोलणं कुलूपबंद, मधे कोणाला वाचता न येणारं, हवं असेल तर तेही जमतं. समोरचा त्यातलं हवं ते उचलतो. तो म्हणतो, बरं, लाव कुलूप. आणि नेमकी तिथंच लाइन तुटते.

हे मी बाईंना नीट समजावून सांगितलं. तर म्हणे, "म्हणजे येत नाय ते येतं म्हणून सांगतो. कोणाच्या हाताखाली वाढलाय ते कळतं हो." अशा माणसाला काही शिकवू नये.

६ सप्टेंबर

सुटला एकदाचा प्रश्न! आणि सोडवला कोणी? माझ्या गाववाल्यानं. बाबू स्वतः ऑफिसात आला, मशीनसमोर बसला. म्हणाला, "विन्या, माझ्या लाइनीत काय वाईट नाय. तुझा सर्वर उगाच सांगत बसतो कुलूप येतं म्हणून. सांगूच नको ना! यादीतली ती ओळ काढ. मग समोरचा मागणारच नाय. उघडं बोलेल, पण बोलेल तरी."

सर्वरच्या नव्या आवृत्तीत ही सोय आहेच. कोणकोणत्या गोष्टी जाहीर करायच्या नाहीत ते एका ओळीत लिहायचं, बस. लिहिलं, सर्वर पुन्हा चालू केला, आणि अडकलेली पत्रं धडाधड आली. शेठ केबिनमधून ओरडले, "शाब्बास रे विनीत!" बाईंकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

तरी त्यांनी नाक खुपसलंच. "कुलूप काढलंस म्हणतोस, मग मधे कोण वाचणार नाय ना?"

"मधे बाबूची लाइन आहे बाई. बाबू आपलाच."

"तुझा," त्या म्हणाल्या आणि टायपिंगला लागल्या.

शिमग्यात ज्याच्याबरोबर पालखीला खांदा दिलाय, ज्याच्या आईच्या हातचं खाऊन मोठा झालोय, त्याच्याबद्दल हे असलं तिरकं बोलणं! जळकुटी बाई.

२१ सप्टेंबर

स्पेनचा मोठा सौदा गेला. जयगडच्या बाबल्याशेठनं आमच्यापेक्षा किलोमागे दोन सेंट कमी लावले. शेठ चहा थंड का म्हणून माझ्यावर डाफरले. चहा मी करतो का?

५ ऑक्टोबर

आज तिसरा सौदा गेला. तिन्ही वेळा बाबल्याशेठ आमच्या खाली, आणि तेही अगदी दोनच सेंट. एकदा होईल, दोनदा होईल. तिसऱ्यांदा म्हणजे कोणीतरी भाव पुरवतंय.

शेठनी मला आणि बाईंना केबिनमध्ये बोलावून दार लावलं. शेठ पूर्वी वाशीच्या बाजारात हापूसचा धंदा करायचे. म्हणाले, "तिथं आम्ही भाव कसा ठरवायचो? हातावर रुमाल टाकून. आत बोटं धरायची. शेजारी सख्खा भाऊ उभा असला तरी त्याला कळत नसे. आता इथं रुमालाखाली तीन हात आहेत. एक माझा. दुसरा दमयंतीचा, ती पत्र टाइप करते. तिसरा विनीतचा, त्याच्या मशीनमधून जातं." हे बोलून शेठ माझ्याकडे बघत राहिले. बाईंकडे नाही, माझ्याकडे!

बाई लगेच म्हणाल्या, "शेठ, पोर वेंधळा आहे, पण हे काम नाय करायचा." वेंधळा! साऱ्यांत वरचढ व्हायचं म्हणून दयाही अशी दाखवायची की समोरच्याचा अपमान झाला पाहिजे.

नोकरी गेली तर घरी बाबा काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. "सांगितलं होतं, सरळ बँकेची परीक्षा दे." आणि चोर म्हणून गेली तर रत्नागिरीत दुसरं कोण दारात उभं करील?

१० ऑक्टोबर

सापडलं. हातच्या काकणाला आरसा कशाला! दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाई बाहेर पडल्या, मी थोडं अंतर ठेवून मागे गेलो. जेटीच्या कोपऱ्यावर बाबल्याशेठची गाडी उभी होती. ड्रायव्हर खाली उतरला, बाईंनी त्याच्या हातात एक पिशवी दिली, दोघं हसून बोलले. चौकशी केली तर ड्रायव्हर म्हणजे बाईंचा सख्खा दीर! बाबल्याशेठकडे गाडीवर. हे बाईंनी कधी सांगितलं होतं का? नाही. म्हणजे लपवलं.

संध्याकाळी टपरीवर बाबूला सांगितलं. त्यानं मांडीवर थाप मारली. "मग आणखी काय हवं? घरभेदी तीच. शेठला सांग. पण माझं नाव मधे घेऊ नको हां, आमचा धंदा आहे." चहा आणि भजी त्यानंच दिली, नवी बाइक दाखवली. केबलच्या धंद्यात बरकत आहे बाबा. आम्ही बसलोय मशीनी पुसत.

१४ ऑक्टोबर

सांगितलं शेठना, दार लावून. दीर, गाडी, पिशवी, सगळं. शेठनी हातातलं पेन टेबलावर टाकलं. "दमयंती? या अल्ला. माझ्या बायकोच्या बाळंतपणात हिनं ऑफिस सांभाळलंय रे."

"मी जे बघितलं ते सांगितलं, शेठ."

"पिशवीत काय होतं?"

"ते कसं कळणार? पण भाव सांगायला पिशवी कशाला लागते, नुसतं तोंड पुरे."

शेठ म्हणाले, तुझं नाव कुठं येणार नाही. मला हायसं वाटलं. मी खोटं काहीच बोललेलो नाही. दीर खरा, गाडी खरी, पिशवीही खरी.

१६ ऑक्टोबर

आज तो तमाशा झाला. नको तेवढा लांबला.

शेठनी बाईंना सर्वांसमोर नाही, केबिनमध्येच बोलावलं, पण दार नीट लागत नाही हे साऱ्यांना ठाऊक. पॅकिंगच्या बायका हातातलं काम टाकून उभ्या होत्या.

"पिशवीत सोलं होती शेठ! आमसुलं! जावेला दिली. दीर आहे माझा, त्याला काय ओळख दाखवू नको?"

"तो बाबल्याकडे कामाला आहे हे बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत कधी? अर्धा मिरकरवाडा त्याच्याकडे नायतर तुमच्याकडे कामाला आहे. नाती तोडून टाकायची काय सगळ्यांनी?"

मग शेठ हळू काहीतरी बोलले, आणि नंतर बाईंचा आवाजच येईना. बाहेर आल्या त्या टेबलापाशी. कपाटाची किल्ली कमरेची काढून ठेवली. डबा पिशवीत टाकला. मला वाटलं, आता शिव्या घालतील, रडून गोंधळ घालतील. मी तयारीत होतो.

त्या माझ्याजवळ आल्या. "विनीत, तू तरी सांग शेठना. तू रोज समोर बसतोस. मी कधी कोणाला फोन करताना तरी बघितलंस?"

मी पडद्यावर काहीतरी टाइप करत होतो. काय टाइप करत होतो आठवत नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुलाही नोकरी टिकवायची आहे. पण चोर म्हणून गेलेल्या बाईला या मिरकरवाड्यात आता कोण उभं करणार रे? मासळी सडलेली चार दिवसांनी कळते, बाईचं नाव त्याच दिवशी सांजेला."

दिवाळी तोंडावर आलीय. शेठनी बोनस दिला म्हणे, तो त्यांनी टेबलावरच ठेवला. एवढा माज! मग चोरी केली नसेल तर घ्यायचा ना!

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली, ईद झाली. शेठकडचा शीरखुर्मा घरी पोचला. पाडव्याच्या आदल्या दिवशी पाठवलेला भाव आज पुन्हा फुटला. पुन्हा दोन सेंट.

शेठ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "आता ती नाय. मग कोण?"

म्हटलं, "शेठ, बाईंना पासवर्ड ठाऊक होते. बाहेरून बघत असतील." त्यांच्यासमोर सगळे पासवर्ड बदलले. बाईंना पासवर्ड म्हणजे काय ते सुद्धा नीट ठाऊक नव्हतं, त्या नेहमी मलाच हाक मारायच्या, पण सुचलं ते बोललो.

जाताना शेठ म्हणाले, "मागल्या वर्षी मशीन बंद पडलं तेव्हा तुला काढणार होतो मी. दमयंतीनं थांबवलं. म्हणाली, शिकतोय, शिकू दे." ही बाई! माझ्या पाठीमागे माझ्या नोकरीचे सौदे करत होती आणि तोंडावर टपालमास्तर!

६ नोव्हेंबर

स्पेनच्या कंपनीच्या मेलवाल्याचं पत्र आलं. गोऱ्याचा शिष्टाचार बघा. "तुमचा सर्वर पूर्वी कुलूपबंद बोलणं जाहीर करत असे. सहा सप्टेंबरपासून करत नाही. त्यामुळे आमची भावाची सगळी पत्रं तुमच्याकडे उघडी जातात. हे तुम्ही मुद्दाम केलंय का?"

डोकंच फिरलं. कोण हा मला विचारणारा? दोन शब्द कडक लिहिले, पाठवणार होतो, पण नीट वाचल्यावर थांबलो. स्पेनवाले उत्तर देताना खाली आमचं पत्र जसंच्या तसं जोडतात. आमचा भाव त्यात असतो. तो उघडा येतो. आणि येतो कुठून? बाबूच्या ऑफिसातून.

सहा सप्टेंबर. पहिला सौदा गेला तो त्याच महिन्यात.

नाही. बाबू असं करणार नाही.

७ नोव्हेंबर

खात्री करून घेतली. यादीत कुलपाची ओळ परत घातली आणि माझ्या मामेभावाच्या गोव्यातल्या ऑफिसच्या मशीनवरून जोडून बघितलं. आमचा सर्वर म्हणाला, कुलूप येतं. तिकडच्या मशीननं ते मागितलं. लाइन तुटली. मग बाबूची लाइन काढून जुना डायल-अप फोन जोडला. पुन्हा तेच बघितलं. कुलूप लागलं, न तुटता, पहिल्या फटक्यात. माझ्या सर्वरला सगळं येत होतं. तो बढाया मारत नव्हता. लाइनच कुलपापाशी तोडली जात होती, बाबूच्या मशीनवर.

तसाच गेलो त्याच्या ऑफिसात. बाबू पान लावत होता.

"मेल्या, तू माझी पत्रं वाचतोस?"

हसला तो. लाज नाही, काही नाही. "बस विन्या. ओरडतोस कशाला?"

"बाबल्याशेठला भाव कोण देतो?"

"मी कुलूप तोडलं असेल, पण काढलं कोणी? तुझ्या सर्वरवर जाऊन ती ओळ मी लिहिली काय? तुझ्याच बोटांनी लिहिलीस. आणि त्या बाईचं नाव शेठकडे मी घेतलं काय? जा ना, सांग शेठला. पहिलं कोणाच्या कानाखाली पडेल, माझ्या की तुझ्या?"

त्याची मान धरावी असं वाटलं. माझ्याबरोबर पालखी नाचवणारा माणूस! हरामखोर! माझ्या हातून हे करवून घेतलं आणि वर चहा भजी चारत होता.

पण तो बोलला ते चूक नव्हतं. शेठना हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. आधी सहा सप्टेंबरची ती ओळ, मग चौदा ऑक्टोबरला घेतलेलं बाईंचं नाव.

शेवटी मीच म्हटलं, "तुझं ते तोडणं बंद कर. बाबल्याशेठला सांग आता जमत नाही म्हणून. मी गप्प बसतो."

"आणि मीही," बाबू म्हणाला आणि पानाचा विडा माझ्या पुढे केला. घेतला नाही. मग घेतला. ऑफिसात परत आल्यावर थुंकला.

९ नोव्हेंबर

कुलपाची ओळ यादीत आहे आणि लाइन तुटत नाही. स्पेनवाल्याला कळवलं, तांत्रिक दुरुस्ती चालू होती, आता पूर्ववत. त्यानं आभार मानले.

२४ नोव्हेंबर

मोठा सौदा आमचा! शेठनी सगळ्यांना मिठाई वाटली, बर्फीचा पहिला तुकडा मला. माझ्या खांद्यावर हात ठेवून पॅकिंगच्या बायकांसमोर म्हणाले, "या पोरानं पासवर्ड बदलले आणि चोरी बंद झाली. दमयंतीच्या बाबतीत मला शेवटपर्यंत शंका होती की आपण चुकलो. पण नाय, तीच होती."

ते स्वतःच म्हणाले. मी कुठं म्हटलं?

पॅकिंगमधली हौसा बर्फी न घेताच निघून गेली. बाईंची मैत्रीण. असू दे. मी कोणाच्या तोंडाला कुलूप लावायला गेलो नाही.

८ डिसेंबर

आज लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

दुपारी शेठच्या केबिनमध्ये लाइनचं बिल घेऊन गेलो होतो. फोन वाजला. शेठनी ऐकलं, मग रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, "जयगडचा बर्फवाला आहे. दमयंती त्याच्यापुढे बसलीय कामासाठी. त्याला ऐकू आलंय काहीतरी. विचारतो, इथून का गेली." मग रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "मला नाय सांगवत बाबा. चौदा वर्षं झाली. तू सांग, तुला सगळं ठाऊक."

मी हातात घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला, "कोण बोलतंय?"

"विनीत. कॉम्प्युटरवाला."

त्यानं ते तिकडे वळून सांगितलं असावं, कारण मला बाईंचा आवाज आला, लांबून पण स्पष्ट. तसाच खणखणीत. "विनीत आहे काय? मग विचारा त्याला, विचारा. तोंडाळ आहे, पण खोटं नाय बोलायचा तो."

शेठ समोर बसून माझ्याकडे बघत होते. लाइनचं बिल त्यांच्या हातात होतं. पलीकडचा माणूस म्हणाला, "काय मग? ठेवू का कामावर?"

मी म्हटलं, "तुम्ही बघा. पण भावाचे कागद हाताशी देऊ नका."

"हां. समजलो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

शेठनी बिलावर सही केली. मी बाहेर येऊन बसलो, सर्वर बघितला, सगळं व्यवस्थित चाललंय. पत्र आलं की तो आपली यादी वाचतो, कुलूप लागतं, पत्र आत येतं.

तिला कोणी सांगितलं होतं माझं नाव ऐकून खुश व्हायला? कोणी सांगितलं होतं माझी ग्वाही मागायला? मूर्ख बाई. गप्प बसली असती तर कदाचित मी दुसरं काहीतरी बोललो असतो.